वाचनालयातल्या गेमच्या डिस्का, हार्ड डिस्कवरच्या कॉप्या आणि भावाला दिलेला पासवर्ड

प्रश्न देवगड तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या कार्यवाहांचा आहे. गणपतीला आलेल्या एका चाकरमान्याने परत जाताना आपला जुना पीएस४ (टीव्हीला जोडून गेम खेळायचं सोनीचं यंत्र, म्हणजे कन्सोल) आणि गेमच्या खोकंभर डिस्का वाचनालयाला देऊन टाकल्या. त्या सभासदांना पुस्तकांसारख्या घरी द्याव्यात का, आणि द्यायच्या तर पैसे घ्यावेत का, हा पहिला भाग. दुसरा असा की वाचनालयात येणारी कॉलेजची मुलं म्हणतायत, एका डिस्कमागे दहा जणांनी ताटकळण्यापेक्षा सगळे गेम एका हार्ड डिस्कवर घेऊ आणि ज्याला हवा त्याला देऊ. शेवटी घरातलंच एक प्रकरण आहे: त्यांच्या मुलाने डोंबिवलीच्या चुलतभावाला स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या आपल्या खात्याचा पासवर्ड दिलाय. ही चोरी झाली का?

माझं रत्नागिरीत कॉम्प्युटर आणि कन्सोल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी त्याच गाळ्यात गेम पार्लर होतं. त्यामुळे गेम विकत घेणारे, उसने नेणारे, कॉपी मागणारे आणि नेलेलं कधीच परत न करणारे, असे सगळे नमुने काउंटरच्या या बाजूने पाहून झालेत. अशा भानगडीत मी दोन गोष्टी विचारतो. दिल्यावर ती वस्तू देणाऱ्याकडे उरली का? आणि या सगळ्यात पैसे कुणाच्या खिशात गेले? लोक पहिल्यावरच तासन्‌तास वाद घालतात. मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. का, ते पुढे येईलच.

आधी वाचनालयाचं बघू, कारण तिथे कायदा चक्क तुमच्या बाजूने आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. कॉम्प्युटर प्रोग्रॅम व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क त्यात हक्कधारकाकडे राखून ठेवलेला आहे. म्हणजे एखादा दुकानदार डिस्का दिवसाच्या भाड्याने फिरवू लागला तर तो अडचणीत येऊ शकतो. पण २०१२च्या दुरुस्तीत ‘व्यावसायिक भाडं’ म्हणजे काय याची व्याख्या घातली गेली. रीतसर मिळवलेली प्रत ना-नफा वाचनालयाने किंवा शिक्षणसंस्थेने नफ्याचा हेतू न ठेवता वापरायला दिली, तर ते व्यावसायिक भाडं धरायचं नाही, असं त्यात आहे. ना-नफा वाचनालय कोणतं, तेही सांगून ठेवलंय: ज्याला सरकारी अनुदान मिळतं किंवा ज्याला आयकरातून सूट आहे ते. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली तुम्ही ‘ड’ वर्गाचं का होईना, अनुदान घेत असाल तर त्यात बसता. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. वस्तू घरी न्यायची, वापरायची, परत आणून द्यायची ही शिस्त कोकणाला कुणी नव्याने शिकवायला नको.

तेव्हा डिस्का खुशाल द्या. पुस्तकाला घेता तशी अनामत घ्या, उशिराला दंड लावा, पण गेमचं वेगळं भाडं लावू नका. वाचनालयातच टीव्ही लावून तासाला पंधरा-वीस रुपये घ्यायचे, असं कुणी सुचवलं तर तेही नको. तिथे वाचनालय संपतं आणि पार्लर सुरू होतं. मी पार्लर चालवलंय, त्याची वीज, भांडणं आणि आयांचे फोन तुम्हाला झेपणारे नाहीत.

उसनवारीने कंपन्यांचं नुकसान होतं ना, असं कुणी सभेत विचारेल. कंपन्यांना उसनवारी आवडत नाही हे खरं. जपानमध्ये गेम कंपन्यांनी जुने गेम विकणाऱ्या दुकानांवर खटले भरले होते. २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेत १९९०च्या कायद्याने सॉफ्टवेअर भाड्याने देणं बंद केलं, पण कन्सोलचे गेम त्यातून वगळले. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या आपल्या कन्सोलसाठी उसन्या आणि जुन्या डिस्कांवर निर्बंध जाहीर केले. त्यावर सोनीने एक छोटीशी चित्रफीत काढली: एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, दुसरा ‘थँक्स’ म्हणतो, संपलं. जूनमध्येच मायक्रोसॉफ्टला माघार घ्यावी लागली. ज्या डिस्कचे पैसे एकदा मोजलेत ती हातोहात फिरली तर कुणाचं काही लुबाडलं जात नाही. एका वेळी एकच जण खेळतो आणि देणाऱ्याला त्या दिवसांत हात चोळत बसावं लागतं.

पीएस४च्या बाबतीत तर हे बंधन डिस्कमध्येच आहे. गेम कन्सोलच्या आतल्या हार्ड डिस्कवर चढतो, पण सुरू करताना मूळ डिस्क आत असावीच लागते. कॉम्प्युटरच्या गेमच्या जुन्या खोक्यांचं मात्र तसं नाही. खोक्यात कागदावर छापलेला एक कोड असतो, तो एकदा कुणाच्या खात्यावर चढला की ती डीव्हीडी चहाचा कप ठेवायच्या लायकीची. देणगीत अशी खोकी असतील तर सभासदाला देऊन त्याची निराशा करू नका.

उसनवारीचा आणखी एक धर्म आहे, ज्याबद्दल मोठी माणसं बोलतच नाहीत. पूर्वी गेमबॉय या हातात धरायच्या यंत्राचे गेम कार्ट्रिजमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत यायचे आणि खेळणाऱ्याची प्रगती त्या कार्ट्रिजमध्येच साठायची. पोकेमॉनसारख्या गेममध्ये तर एकाच खेळाची जागा. उसनं नेणाऱ्याने ‘न्यू गेम’ करून सेव्ह केलं की मालकाची अख्खी मे महिन्याची सुट्टी पुसली जायची. यावरून सख्ख्या मावसभावांनी अबोला धरलेला मला माहीत आहे. पीएस४मध्ये सेव्ह कन्सोलवर राहतं, म्हणून हा धोका डिस्कला नाही. पण वाचनालयातल्या कन्सोलवर सभासद खेळणार असतील तर प्रत्येकाचा वेगळा यूजर करून द्या. आणि खोक्यावर १८चा आकडा असलेला गेम शाळेतल्या मुलाच्या नावावर लिहू नका, तो कितीही म्हणाला की बाबांसाठी नेतोय.

आता हार्ड डिस्क. तुमच्या वाचनालयातली मुलं जे सुचवतायत ते पीएस४वर वाटतं तितकं सोपं नाही. त्यासाठी कन्सोलचं कुलूप तोडावं लागतं आणि असं यंत्र ऑनलाइन पकडलं गेलं की कायमचं बाद होऊ शकतं. कॉम्प्युटरवर मात्र कॉपी म्हणजे डाव्या हाताचा मळ. म्हणून सोपं-कठीण बाजूला ठेवून बोलू.

दुकानात एक मालवणचा मुलगा यायचा. त्याचा युक्तिवाद मी अजून विसरलेलो नाही. “मी खेळलंय म्हणान त्येंचा काय कमी झाला? आई शेजारणीक इरजण देता, तसाच ह्या.” सुंदर मुद्दा आहे. विरजण दिल्याने आपलं दही कमी होत नाही, आणि शेजारीण चोरटी ठरत नाही. पण शेजारणीला दही लावायला दूध आणावंच लागतं, त्याचे पैसे गवळ्याला मिळतातच. गेमच्या कॉपीला दूधच लागत नाही. ज्यांनी तीन-चार वर्षं बसून तो बनवला त्यांच्या दारात कुणी जातच नाही.

हेही कबूल केलं पाहिजे की प्रत्येक कॉपी म्हणजे बुडालेली विक्री, हे कंपन्यांचं गणित फुगवलेलं आहे. पीएस५ आला तेव्हा मोठ्या गेमची किंमत ४,९९९ रुपयांवर गेली. आंब्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्याचा मुलगा तो विकत घेणार नव्हताच. त्याने मित्राच्या कॉम्प्युटरवरून एखादा गेम पेन ड्राइव्हवर नेला तर मी त्याला चोर म्हणणार नाही; चुकतोय म्हणेन, आणि तेही आवाज न चढवता. कोकणातला दुसरा अडथळा म्हणजे नेट. साठ-सत्तर जीबीचा गेम पावसाळ्यात उतरवायला घ्या, मधे वीज जाते, राऊटर बसतो, परत पहिल्यापासून. विकत घेऊनसुद्धा माणूस मित्राकडून फाइली आणतो. ज्याच्या खात्यावर तो गेम पैसे देऊन घेतलेला आहे त्याने फाइली शेजाऱ्याकडून उचलल्या तर त्यात काहीच वावगं नाही. स्टीममध्ये तर बॅकअपमधून गेम चढवायची सोयच आहे.

मला राग येतो तो बाजारातल्या भरून देणाऱ्यांचा. हार्ड डिस्क घेऊन जा, चार-पाचशे रुपये द्या, पन्नास गेम भरून मिळतील. इथे ‘पैसे नाहीत म्हणून कॉपी केली’ हे कारणच उरत नाही. पैसे होते, ते दिलेही, फक्त भलत्याला दिले. स्टीमवर २०१५पासून रुपयांत किमती आहेत, आणि सेलमध्ये तेवढ्याच पैशांत दोन-तीन चांगले जुने गेम येतात. तशात त्या भरलेल्या डिस्कबरोबर काय येतं ते माझ्या टेबलावर दिसतं: काही न करता पंखे घोंघावणारे लॅपटॉप. २०२१ मध्ये अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीने क्रॅकोनॉश नावाचा एक प्रकार उघडकीला आणला. क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडून फुकट केलेल्या गेममधून तो आत यायचा, अँटिव्हायरस बंद पाडायचा आणि तुमच्या विजेवर मोनेरो हे आभासी चलन खणत बसायचा. २,२२,००० हून जास्त कॉम्प्युटरांत तो सापडला. फुकटातल्या गेमचं बिल महावितरणमार्फत येतं ते असं.

आणि बनवणारे म्हणजे दरवेळी परदेशातली धनाढ्य कंपनीच असते असंही नाही. २०१३ मध्ये ग्रीनहार्ट गेम्स नावाच्या दोन भावांच्या स्टुडिओने ‘गेम डेव्ह टायकून’ काढला. गेम कंपनी चालवण्याचाच गेम. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याची एक कॉपी स्वतःच चोरट्या साइटवर टाकली. तिच्यात एक खोडी होती: काही काळ खेळल्यावर लोक तुमचे गेम चोरतात म्हणून तुमची खेळातली कंपनी बुडते. झालं काय, तर फुकट खेळणारेच विचारू लागले की या चोरीवर उपाय काय. त्या पहिल्या दिवशी विकत घेतलेल्या प्रती २१४ आणि चोरट्या ३,१०४. विरजणवाल्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो खूप हसला, आणि मग त्याने आकडे परत विचारले.

जवळचं उदाहरण पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवर बेतलेला गेम बनवला. २०१७ मध्ये लोकांकडून पैसे जमवायची त्यांची मोहीम फसली, तरी त्यांनी नेटाने तो पुरा केला आणि २०२० मध्ये आधी निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर, मग इतर यंत्रांवर आणला. तुमच्या वाचनालयातल्या एखाद्या मुलाला गेम बनवायचे असतील तर तो नोकरी मागायला जाणार आहे अशाच ठिकाणी. त्या ‘राजी’ची कॉपी वाटणं आणि ज्याचे सगळे बनवणारे कधीच पांगले अशा तीस वर्षांपूर्वीच्या गेमची कॉपी वाटणं, हे कायद्याच्या एकाच कलमात येत असेल. माझ्या मनात येत नाही.

जुन्या गेमचं वेगळं का म्हणतो तेही सांगतो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली. २०१०च्या आधी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत, असं निघालं. आपल्याकडे २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने पीएस२साठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ बनवला, भारतात तयार झालेला पहिला कन्सोल गेम म्हणून तो गाजला. आज तो नवा विकत घ्यायचा तर कुठल्या दुकानात जाणार? कायद्याने कॉपीराइट निर्मात्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतो, म्हणजे आमच्या लहानपणीचे गेमही अजून कुणाच्या तरी मालकीचेच. विकत घ्यायचा मार्गच बंद असेल आणि कुणी स्वतःपुरती कॉपी ठेवली, तर मी त्याच्याशी वाद घालत नाही. पण त्याच कॉप्या जत्रेत मांडून विकल्या की तो परत भरून देणारा झाला. तुम्ही संस्था आहात, तुम्हाला ही सूटही घेता येणार नाही. बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असून प्रोग्रॅम वापरणं हा कलम ६३ब प्रमाणे गुन्हा आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय तुरुंगवास माफ करून ५०,००० रुपयांपर्यंत दंडावर सोडू शकतं. पण वाचनालयाच्या जमाखर्चात तो आकडा कुठल्या रकान्यात लिहिणार?

एक कॉपी मात्र तुम्हाला करता येते. रीतसर प्रत ज्याच्या ताब्यात आहे त्याने ती हरवली, नासली, खराब झाली तर असावी म्हणून बॅकअप करून ठेवणं कलम ५२ला मंजूर आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्याला याची गरज पुण्या-नाशिकवाल्यापेक्षा जास्त. खारी हवा कार्ट्रिजच्या पट्ट्या काळ्या करते, पावसाळ्यात डिस्कवर बुरशीचे ठिपके येतात. २२ जुलै २०२१च्या चिपळूणच्या पुरानंतर माझ्याकडे चिखलाने भरलेल्या कन्सोल आणि डिस्का आल्या होत्या. काही धुऊन वाचल्या, बऱ्याच नाही. मात्र बॅकअप कपाटात राहायचा आणि मूळ प्रत फिरायची, उलट नाही. आणि दोन्ही एकदम दोघांच्या घरी गेल्या की तो बॅकअप राहिला नाही. पीएस४च्या डिस्कांचा असा बॅकअप घरगुती साधनांनी होत नाही, म्हणून त्या जपणंच बरं: लोखंडी कपाटात न ठेवता झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुसताना मऊ फडक्याने मधून कडेकडे. गोल गोल पुसू नका. गोल चरा सरळ चऱ्यापेक्षा जास्त नडतो.

पासवर्ड. चोरी हा शब्द फार मोठा आहे, पण हे बंद करा. स्टीमने २०२४ मध्ये ‘स्टीम फॅमिलीज’ आणलं. सहा जणांपर्यंत आपापल्या खात्यातून एकमेकांचे गेम खेळू शकतात, तेव्हा पासवर्ड द्यायची गरजच उरलेली नाही. अट अशी की सगळे एका घरातले हवेत. आता कोकणात एक घर म्हणजे काय? बाप लालबागला, आई आणि मुलं गावाला, थोरला मुलगा पनवेलला खोली घेऊन. चूल तीन ठिकाणी, घर एकच. अशा कुटुंबाने एक फॅमिली केली तर माझ्या मते ती अटीच्या मनाला धरून आहे. डोंबिवलीचा चुलतभाऊ त्या व्याख्येत बसवायचा तर ओढाताण करावी लागते. नात्याने तो घरचा, अटीने नाही.

शिवाय यात तुमच्या मुलाचं नुकसान आहे. पासवर्ड दिला म्हणजे फक्त गेम दिला नाही. त्या खात्यातले पैसे, मित्र, इतकी वर्षं जमवलेलं सगळं दिलं. फॅमिलीत घेतला तरी त्या भावाने तुमच्या मुलाच्या गेममध्ये चीटिंग केली तर बंदी तुमच्या मुलावरही येऊ शकते. एकदा जोडलेली जागा वर्षभर दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून भांडण झाल्यावर बदलू असंही करता येणार नाही. त्यापेक्षा दोघांना मिळून खेळता येईल असं शोधा. ‘इट टेक्स टू’ हा दोघांचा गेम एकाने विकत घेतला की दुसरा फ्रेंड्स पासवर फुकट खेळतो. बनवणाऱ्यांनीच तशी मुभा दिली आहे. इन्स्टाग्राम-टेलिग्रामवर ‘प्रायमरी अकाउंट’, ‘सेकंडरी अकाउंट’ म्हणून स्वस्तात प्लेस्टेशनचे गेम विकणारे आहेत, त्यांच्या नादी मात्र दोघांनीही लागू नये. एकच खाते दहा जणांना विकतात आणि महिन्याने पासवर्ड बदलून गायब होतात. तक्रार तरी कुणाकडे करणार?

राहिली वाचनालयातल्या मुलांची गेम वाटायची हौस. ती मारू नका, तिला दुसरा माल द्या. बनवणाऱ्यांनी स्वतःहून वाटायला मोकळे ठेवलेले गेम ढीगभर आहेत. गाड्यांच्या शर्यतीचा ‘सुपरटक्सकार्ट’, प्राचीन साम्राज्यांच्या लढायांचा ‘झिरो ए.डी.’, डावपेचांचा ‘बॅटल फॉर वेसनॉथ’, वाहतुकीचं जाळं विणायचा ‘ओपनटीटीडी’. साध्या कॉम्प्युटरवर चालतात, मराठी शाळेतल्या मुलालाही समजतात, आणि पेन ड्राइव्हवर घालून अख्ख्या तालुक्याला वाटले तरी उलट बनवणारे खूशच होतील. १९९३ मध्ये ‘डूम’ असाच पसरला: पहिला भाग हवा तितका कॉपी करा, आवडला तर पुढचे विकत घ्या. वाचनालयाच्या एका कॉम्प्युटरवर असा संच करून ठेवा आणि ती जबाबदारी हार्ड डिस्कवाल्या मुलांवरच टाका.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत खोक्याच्या तळाशी कागदी पाकिटांत काही डीव्हीडी दिसतायत, वर मार्करने नावं लिहिलेल्या. त्या दाखल नोंदवहीत चढवू नका आणि देणगीदाराला त्याबद्दल खोचक पत्रही लिहू नका. वेगळ्या काढून पुढच्या गणपतीला त्याच्या हातात परत द्या. बाकीच्या डिस्का नोंदवताना आतल्या पुस्तिकेत छापील कोड आहे का, तो खरवडलेला आहे का, हे शेऱ्याच्या रकान्यात लिहा. आणि पहिले सहा महिने एका सभासदाला एकच डिस्क, सात दिवसांसाठी.